फाळक्यावरून दिसलेला घाट

आमच्या ह्यांनी पंधरा-सोळा वर्षं माळशेज घाटात गाडी चालवली आणि घाट कधी बघितलाच नाही. हे मला कळलं तेव्हा मी भाकऱ्या थापत होते, आणि खरं सांगते, मला आधी हसू आलं.

ह्यांची जुनी जीप होती. लष्कराच्या लिलावातून कुणीतरी उचललेली, त्याच्याकडून दुसऱ्यानं घेतलेली आणि दुसऱ्याकडून ह्यांनी. चारही चाकांना जोर लागायचा, म्हणून गावात तिला सगळे 'फोरव्हील' म्हणायचे, जशी काही बाकीच्यांच्या जीपा तीन चाकांवरच चालत होत्या. नव्वद सालानंतरचा तो काळ. शहापूर, किन्हवली, सरळगाव, मुरबाड ह्या रस्त्याला एसटी येईल तेव्हा खरी, बाकी सगळं जग जीपमधून हलायचं. पावसाळ्यात पाड्यांचे रस्ते चिखलात गेले की इतर गाड्या नाक्यावर उभ्या राहायच्या आणि ह्यांची एकटीची आत जायची. बाळंतीण, खताच्या गोण्या, नवरा-नवरी, कोंबड्या, सगळं एकाच फेरीत. श्रावणात मुंबईची माणसं धबधबे बघायला यायची, त्यांना सरळगावहून घाटात वर न्यायचं आणि संध्याकाळी खाली आणायचं. मागं बसलेली माणसं 'आई गं, काय सुंदर' करत असायची आणि हे समोरचं वळण बघत असायचे.

मग डोळ्यांचं सुरू झालं. आधी डावा आरसा एका बैलगाडीला घासला. पुढं एकदा रस्त्याकडेचा दगड दिसलाच नाही. कल्याणला डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकवायला रोज थेंब टाका. कडेचं आधी जाईल, मधलं शेवटी जाईल. कधी जाईल ते मात्र त्यांनाही सांगता येईना. घरी आल्यावर ह्यांनी जीप जांभळीखाली लावली, किल्ली खिळ्याला अडकवली आणि हात धुऊन जेवायला बसले. गाडी बंद करा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्यांची पोरंबाळं मागं बसवायची आणि आपल्याला अर्धंच दिसतंय, हे त्यांना पटलं नाही. मला त्या दिवशी ह्यांचा अभिमान वाटला. नंतर मात्र डोकं फिरायला लागलं, कारण हे ओट्यावर बसले ते बसलेच. जीपच्या मागच्या बाकड्याखाली माझ्या कोंबड्या अंडी घालायला लागल्या, तरी हे ढिम्म हलले नाहीत.

त्या सकाळी मी चुलीपासून विचारलं, "काय बघताय एवढं अंगणात?"

"काय नाय गो. डोक्यात घाट चालवतोय."

"मग काय काय लागलं?"

"दोन वळणं झाली. बोगदा आला आता."

"आणि धबधबे?"

"ते कोण बघतो? नजर खाली गेली की गाडी पण खाली. ते पाशिंजरांचं काम."

इथं मी हसले. हसता हसता हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि तिथंच थांबले. ह्या माणसाची नजर आता जाणार. ज्या घाटात हयात गेली तो घाट न बघताच जाणार. असला उरफाटा न्याय मला नाही चालत. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं माहेरी म्हणतात. त्या दिवशी तो कुणावर काढायचा तेच कळेना. मी तव्यावरची भाकरी करपवली आणि तिथल्या तिथं ठरवलं, ह्यांची नजर जायच्या आत ह्यांना घाट दाखवायचा. निवांत, खिडकीशी बसवून.

आता घाट काही आपण गेलो म्हणून दिसत नाही. श्रावण-भादव्यात धुकं बसलं की दोन-दोन दिवस उठत नाही, आणि उठलं तर दूध उतू जायला लागतो तेवढा वेळ. म्हणजे तिथं मुक्काम हवा. हॉटेलात राहायची आमची रीत नाही. मग झोपायचं गाडीत, रांधायचं गाडीत. सगळं जमत होतं, घोडं अडत होतं एकाच ठिकाणी. मुलगी लग्न होऊन गेलेली, मुलगा नाही. गाडी चालवणार कोण?

"मी," मी म्हटलं.

कित्येक महिन्यांनी हे मोठ्यानं हसले. "तुला सायकल तरी येते का?"

"तुमाला भात शिजवायला येतो का? खाता ना रोज?"

ह्या दोहोंचा संबंध काय ते मलाही अजून कळलेलं नाही. पण किल्ली खिळ्यावरून निघाली.

भातं कापून झाली होती. आमचं खाचर मोकळं पडलं होतं, नुसती धसकटं उरलेली. त्या खाचरात मी गाडी शिकले. हे माझ्या डावीकडं बसायचे. सगळ्या गावाशी गोड बोलणारा हा माणूस शिकवायला बसला की पार मास्तर व्हायचा. "क्लच सोड. सोड म्हंजे टाकू नको गो. भाकरी तव्यावर टाकतेस तसा अलगद सोड." मी म्हणायचे, भाकरीला ब्रेक नसतो. गाडी गचके खायची, बंद पडायची, आणि बांधावर बसलेली माणसं कुस्तीच्या फडाला बसल्यासारखी मजा बघायची. शेजारची म्हातारी तर रोज यायची. एकदा म्हणाली, "अगो, लग्नात बायको डावीकडं बसते. तू ह्यांनाच डावीकडं बसवलंस." सगळा बांध हसला. हेही हसले, पण डावा हात खिडकीबाहेर काढून जीपच्या पत्र्यावर बोटं वाजवत राहिले. मी ते बघितलं आणि दुसऱ्या गिअरमध्ये टाकून बांधापर्यंत एका दमात गेले.

होळीपर्यंत मला बऱ्यापैकी जमायला लागलं. पुढं कल्याणला परीक्षा देऊन लायसन्स घेऊन आले. तिथं साहेबानं विचारलं, बाई, कशाला शिकलात? मी म्हटलं, नवऱ्याला फिरवायला. त्यानं पुढं काही विचारलं नाही.

गाडीचं घर माझ्या भावानं केलं. तो खर्डीला सुतारकाम करतो. हात सोन्याचा, तोंड त्याहून मोठं. त्यानं मागची समोरासमोरची बाकडी तशीच ठेवली, त्यांच्या पोटात खण काढले, एकात तांदूळ-डाळ, एकात भांडी, एकात पंपाचा स्टोव्ह. बाकड्यांच्या मध्ये टाकायला आंब्याच्या फळ्या केल्या. दिवसा फळ्या उभ्या, झोपताना आडव्या, वर माझी गोधडी. टपावर कॅरिअर, कॅरिअरला ताडपत्री गुंडाळलेली. ती सोडून दोन बांबूंना बांधली की मागं छोटा मांडव व्हायचा. खिडक्यांना जाळी, जाळीवर माझ्या जुन्या लुगड्याचे पडदे. पाण्याच्या कॅनला तोटी बसवली तेव्हा तर मी दोनदा उगाचच हात धुतले.

झोपायच्या लांबीचं मात्र अडलं. हे उंच, गाडी आखूड. भावानं ह्यांना अंगणात आडवं झोपायला सांगितलं आणि डोक्यापासून पायापर्यंत सुतळी धरून माप घ्यायला लागला. मी आतून आले आणि सुतळी त्याच्या हातातून ओढून घेतली. "उठा आधी. आणि तू, जित्या माणसाचं असं माप घेतात का रे मेल्या?" भाऊ म्हणाला, "ताई, पलंगाचं माप आहे." मी म्हटलं, कशाचंही असो, बसवून घे. शेवटी त्यानं युक्ती काढली. जीपचं मागचं दार वर-खाली होणारं, त्याला आमच्याकडं फाळकं म्हणतात. ते साखळ्यांवर आडवं पाडायचं, फळी त्यावर पुढं सरकवायची, आणि पाय फाळक्यावर, ताडपत्रीच्या मांडवाखाली. सकाळी उठून गोधडी गुंडाळली की तेच फाळकं बसायला आणि चहा करायला. पाय मावण्यापुरतं म्हणून ते केलं, पण पुढं आमचा सगळा संसार त्या फाळक्यावरच झाला.

श्रावण अर्धा झाला तेव्हा आम्ही निघालो. ह्यांची कडेची नजर तोवर गेलीच होती. नळीतून बघावं तसं मधलं तेवढं दिसायचं. मला घाई होती. सरळगावच्या नाक्यावर गाडी उभी करून मी कोथिंबीर-मिरची घ्यायला गेले. परत येते तो काय, हे गाडीशेजारी उभे राहून खणखणीत आवाजात ओरडतायत, "टोकावडे, वैशाखरे, माळशेऽज. चला, दोनच सीट."

माझ्या अंथरुणावर माणसं बसली होती. सुक्या बोंबलांची पाटी घेऊन एक बाई, तिच्या मांडीवर नातू. दोन बाप्ये खताच्या गोण्या घेऊन. एक म्हातारा, त्याची कोंबडी माझ्या गोधडीवर. आमच्या लाइनचा नियमच तसा होता, सीट भरल्याशिवाय गाडी हलवायची नाही. इतकी वर्षं हे तो नियम पाळत आले, त्यांना रिकामी गाडी नाक्यावरून नेता येईना. बसलेल्या माणसांना उतरवायची माझी छाती नव्हती. सगळी ओळखीची, सगळी 'बरं झालं गो, गाडी सुरू झाली' म्हणणारी. मी दात-ओठ खात गाडी चालवली. बोंबीलवालीला पाड्यात आत सोड, गोण्या दारात सोड, म्हाताऱ्याच्या घरी चहा घे. वैशाखरेला पोचेस्तोवर दिवस कलला, घाटावर काळं आभाळ उतरलं आणि समोरचा डोंगर होता की नव्हता असा झाला.

मी गाडी रस्त्याकडेला घेतली आणि तोंडाचा पट्टा सोडला. काय काय बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. आठ महिने खपले ती काय बोंबील वाहायला, हे त्यातलं सगळ्यात सौम्य. मग हे हळू म्हणाले, "तू मला घाट दाखवायला नेतेस. सगळे म्हणतात, बघून घ्या. बघून घ्या म्हंजे काय ते मला कळतं. मेलेल्याचं तोंड बघायला नेतात, तसं."

इतके दिवस मी दाखवायचं, दाखवायचं करत होते आणि ते काय ऐकत होते ते मला ठाऊकच नव्हतं. नाक्यावर सीट भरायला ते का लागले ते तेव्हा कळलं. गाडी भरली म्हणजे पोचायला उशीर, आणि उशीर झाला म्हणजे बघणं टळलं. मला रडू येत होतं, पण मला रडू आलं की मी भांडते, दुसरं येत नाही.

"मग नका बघू तुमच्यासाठी," मी म्हटलं. "मला बघायचाय. सगळ्या मुंबईला तुमी घाट दाखवून आणलात, मला एकदा तरी नेलंत का? कधी नेणार, सीट भरलेली. आता माझ्या हातात गाडी आहे तर मला रस्ता सोडून नजर काढता येत नाय. तर तुमी बघा आणि मला सांगा. मला पायजे म्हणून बघा."

हे खाली उतरले. मागं जाऊन ताडपत्री सोडली, चाचपत दोऱ्या बांबूंना बांधल्या. रात्री त्या फाळक्यावर ह्यांचे पाय नीट मावले. माझ्या भावाचं माप बरोबर निघालं.

सकाळी पाऊस उघडला होता. घाट लागला तसे हे सुरू झाले, "वळण आलं. हॉर्न मार. कडेला घे."

"ते मला दिसतंय. बाहेरचं सांगा."

हे खिडकीकडं वळले. मग म्हणाले, "पाणी पडतंय."

"ते कळलं. माझ्या अंगावर पडतंय."

"तसं नाय गो. लय वरून पडतंय. आणि मधी वारा त्याला उचलतोय. खाली येऊच देत नाय, परत वर नेतोय. असं कधी बघितलं नाय मी." आवाज बदलला होता. मी रस्त्यावरची नजर हलवली नाही, पण गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि मागून हॉर्न मारणाऱ्या ट्रकला हात दाखवून पुढं जायला सांगितलं. कातळाला हिरवळ कशी चिकटलीये, माकडीण पोराला पोटाशी धरून कुठं बसलीये, कठड्यापलीकडं कशी एकदम पोकळीच आहे, हे सांगत राहिले. बोगदा आला आणि गेला, त्याचं नावसुद्धा त्यांनी घेतलं नाही.

वर गेल्यावर डांबरी सोडून एक कच्चा रस्ता पठारावर जातो. पुढं नुसता चिखल. पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एकेक खटका असतो, ते हातानं फिरवले की पुढची चाकंही ओढायला लागतात. हे खाली उतरले, चिखलात बसले, नजरेचं काम नव्हतंच, बोटांनी दोन्ही खटके लावले आणि म्हणाले, "आता गिअरशेजारची बुटकी दांडी मागं ओढ आणि थांबू नको." गाडी घसरल्यासारखी आडवी-तिडवी गेली, पण गेली. पठाराच्या टोकाला मी तिचं तोंड रस्त्याकडं आणि फाळकं दरीकडं केलं.

दरीत धुकं काठोकाठ. आम्ही स्टोव्ह पेटवला, चहा केला, भात टाकला, खाल्ला. दुपार झाली तेव्हा वारा सुटला आणि धुकं खालून फाटायला लागलं. हे फाळक्यावर बसले होते. नळीएवढीच नजर, त्यामुळं सगळी दरी एकदम दिसायची नाही. एक तुकडा बघायचे, तो मनात नीट ठेवायचे, मग मान थोडी वळवून पुढचा. "त्या सुळक्याच्या खाली पांढऱ्या रेघा आहेत ना? मधली जाड, बरोबर?" मी म्हणायचे, बरोबर. "तिच्या डावीकडं काय?" मी सांगायचे, मग ते तिकडं बघून खात्री करायचे. जात्यात मूठ मूठ दाणा टाकावा तसं चाललं होतं. मीही बघत होते. खाली भातांच्या हिरव्या चौकटी, त्यातून वळत गेलेला आपलाच रस्ता, आणि उन्हाचा एक पट्टा सरकत सरकत मुरबाडकडं चाललेला. माझ्या आयुष्यात मी एवढं लांबचं पहिल्यांदा बघितलं. इतका आनंद झाला की मी ह्यांना उगाचच दम दिला, पाय आत घ्या, पडाल.

तांदूळ होता तोवर आम्ही तिथंच राहिलो.

पुढं काही वर्षं आम्ही जमेल तसं जात राहिलो. उंबरमाळीच्या जंगलात राहिलो, काळू नदीच्या काठी राहिलो, माहुलीच्या पायथ्याला माकडांनी आमचा गूळ पळवला. नाक्यावर हात दाखवणाऱ्याला हे गाडीत घ्यायचेच, ते काही सुटलं नाही, फक्त आधी मला विचारायला लागले. आणि प्रत्येक श्रावणात माळशेज. नजर बारीक बारीक होत गेली. शेवटी एका हिवाळ्यात उजेड-अंधार तेवढा उरला आणि नंतर तोही गेला. त्या दिवसांबद्दल मला लिहायचं नाही. आम्ही दोघंही खूप रडलो, एवढंच.

त्यानंतरच्या श्रावणात मी विचारायला भीत होते. ह्यांनीच विचारलं, "गाडीला बॅटरी घातलीस का?"

घाटात गेलो तर धुकं असं की बोनेटच्या पुढचं दिसेना. पठारावर जाता येईना म्हणून मी कठड्याशी, मोकळ्या जागेत गाडी लावली, फाळकं पाडलं आणि चहाला लागले. हे काठी टेकत कठड्यापर्यंत गेले. तिथं शहरातली पाच-सहा कॉलेजची मुलं-मुली उभी होती, भिजलेली, वैतागलेली. एक मुलगी म्हणत होती, एवढ्या लांबून आलो आणि काहीच दिसत नाही, फुकट गेला दिवस.

"काय बघायचंय तुमाला?" ह्यांनी विचारलं.

"दरी, काका. पण आहे कुठं?"

ह्यांनी हात वर केला. "ही काय समोर. हिकडं डावीकडं बघा, अंगठ्यासारखा सुळका आहे. त्याच्या खाली तीन पांढऱ्या रेघा. मधली जाड आहे, तिच्यावर नजर ठेवा, तिला वारा मधीच उचलून परत वर नेतो. आता खाली या. हिरव्या चौकटी दिसतील, ती भातं. त्यातून रस्ता गेलाय, तो असा वळून गेलाय." बोट धुक्यात सावकाश फिरत होतं, एका जागेवरून दुसऱ्या जागेवर, मध्ये नीट थांबत. मुलं त्या बोटाच्या मागं मागं पांढऱ्या धुक्यात बघत होती. कुणी हसलं नाही. काठी ह्यांनी कठड्याला टेकवून ठेवली होती, त्यामुळं मुलांना ह्यांच्या नजरेचं काही कळलंही नसावं.

ती मुलगी म्हणाली, "काका, इतक्या धुक्यात तुम्हाला कसं दिसतं हो?"

"आमची बायको गाडी चालवते ना," हे म्हणाले. "तिला रस्त्यावरची नजर काढता येत नाय. तिच्यासाठी बघून ठेवलंय सगळं."

मी पाठ फिरवली आणि स्टोव्हला पंप मारत बसले. तो आधीच चांगला पेटलेला होता.